एक्केचाळीस उरल्या

फोन उचलल्यावर पहिली दोन मिनिटं मी कुणाचंच खरं धरत नाही. घाबरलेला माणूस खोटं बोलतो आणि लाजलेला माणूस त्याहून जास्त. "थोडंसंच प्यायलाय" म्हणजे अर्धी बाटली. "आत्ताच घडलं" म्हणजे तासभर आपापसांत भांडून झालं, मग फोन केला. "वर कपाटात ठेवलं होतं" म्हणजे बेसिनखाली, फिनेलच्या शेजारी. एकोणीस वर्षं हे ऐकतेय. आता कुणी सरळ बोललं तर मलाच चुकल्या-चुकल्यासारखं होतं.

आमची खोली इस्पितळाच्या तळघरात आहे. तीन टेबलं, तीन फोन, भिंतीला टेकवलेली जाडजूड पुस्तकं आणि छताजवळ एक खिडकी, जिच्यातून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या फक्त चपला दिसतात. घरात कुणी चुकून भलतंसलतं खाल्लं-प्यायलं की लोक या नंबरावर फोन करतात. आम्ही विचारतो काय खाल्लं, किती खाल्लं, कधी खाल्लं, वजन किती. मग सांगतो, घरीच ठेवा, किंवा ताबडतोब घेऊन या. सगळं काम या दोन वाक्यांत आलं. बाकी बोलणं म्हणजे समोरच्याच्या तोंडचं पळालेलं पाणी परत आणायची खटपट.

दहातले आठ फोन 'घरीच ठेवा'चे. रंगीत खडू खाणारी पोरं, साबण चाटणारी पोरं. एकदा एका गृहस्थांनी कानाचं औषध डोळ्यात घातलं आणि डोळ्याचं औषध कानात, आणि वर मला विचारलं, की आता हिशोब सारखा झाला का? एका आजोबांनी आठवडाभर सांधेदुखीच्या मलमानं दात घासले होते. तक्रार एवढीच, की पेस्टला फेस येत नाही. अशांना घरी ठेवायचं, कारण उगीच इस्पितळात आणलेल्या पोराच्या नाकात नळी जाते, हाताला सुया टोचतात, आईबाप रात्रभर बाकड्यावर बसतात, आणि ज्याला खाट खरोखर हवी असते त्याला ती मिळत नाही. लोकांना वाटतं आम्ही जीव वाचवायला बसलोय. आम्ही मुख्यतः लोकांना घरी बसवायला बसलोय, आणि मला त्याचा अभिमान होता.

हे काम मला मास्तरांनी शिकवलं. मास्तर म्हणजे औषधाच्या दुकानात जन्म काढलेला माणूस, शाळेचा त्यांचा काही संबंध नव्हता, पण सगळ्यांना शिकवत सुटायचे म्हणून मास्तर. ते म्हणायचे, पोरानं किती गोळ्या खाल्ल्या हे पोराला विचारू नको, आईला विचारू नको, बाटलीला विचार. बाटली कधी आणली, त्यात किती होत्या, रोज किती घेतल्या जातात, म्हणजे आज किती असायला हव्यात. आता किती आहेत ते मोजायला लाव. वजाबाकी कर. जो फरक येईल तेवढ्या पोराच्या पोटात. आणि दुसरं, ज्याचं औषध त्याच्याशीच बोल. मधे माणूस आला की उत्तर बिघडतं. मास्तर जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचा पहिला नियम मी शेकडो वेळा वापरला. दुसरा मी त्या दिवशी पाळला नाही.

सकाळचे सव्वाअकरा झाले असतील. फोनवर एक म्हातारी बाई होती, आवाज स्वच्छ, शब्द मोजून. तिनं सुरुवातच अशी केली, की मुलगी अडीच वर्षांची आहे, वजन बारा किलो, परवाच दवाखान्यात केलं होतं. नात आहे. सुनेला दिवस गेलेत, पाचवा महिना. तिच्या लोहाच्या गोळ्यांची बाटली पलंगावर उघडी सापडली, गोळ्या चादरीवर सांडलेल्या, नातीची जीभ लाल. दहा मिनिटांपूर्वी. सून तेव्हा गच्चीवर कपडे वाळत घालत होती, मुलगा जहाजावर असतो, घरात तिघीच. तिनं बाटलीवरचं नाव वाचून दाखवलं, गोळीची ताकद वाचून दाखवली, कंपनीचा पत्ताही वाचायला निघाली होती, मीच थांबवलं.

मला ती बाई आवडली. हे कबूल करायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. सकाळपासून मी अशा लोकांशी बोलत होते ज्यांना स्वतःच्या पोराचं वजन सांगता येत नव्हतं. त्यात ही. मी विचारलं, तुम्ही शाळेत होता का? म्हणाली, तेहेतीस वर्षं गणित शिकवलं. मी तिला 'बाई' म्हणायला लागले आणि खुर्चीत जरा रेलून बसले.

लोहाच्या गोळ्या म्हटल्यावर एरवी मी ताठ होते. वरून लाल, गुळगुळीत, साखरेचा मुलामा, पोरांना चॉकलेटच वाटतं. एक-दोन पोटात गेल्या तर पोट बिघडण्यापलीकडे सहसा काही होत नाही. दहा-पंधरा गेल्या तर मूल जातं. आणि जाताना फसवून जातं: आधी उलट्या होतात, मग त्या थांबतात, मूल शांत होतं, खेळतंसुद्धा, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि तोवर आत सगळं जळत गेलेलं असतं. म्हणून लोहाच्या फोनला आकडाच महत्त्वाचा. बाकी सगळं फसवू शकतं.

"बाटलीत एकूण किती होत्या?" मी विचारलं. साठ. कधी उघडली? बाई म्हणाली, सतरा दिवस झाले, मीच दुकानातून आणली होती. मी म्हटलं, चादरीवरच्या आणि बाटलीतल्या सगळ्या गोळा करा आणि मोठ्यानं मोजा. तिनं मोजल्या. एक्केचाळीस. मी काही बोलायच्या आत म्हणाली, थांबा, पुन्हा मोजते. पुन्हा एक्केचाळीस. मी फोन कानाला लावून रजिस्टरमध्ये रकाने भरत होते आणि मनात म्हणत होते, सगळे असे असते तर काय बहार असती.

मग मी तो प्रश्न विचारला. सूनबाई रोज एक घेतात ना, चुकवत नाहीत ना, एवढं त्यांना विचारा. बाईनं फोन कानाजवळच ठेवून आतल्या खोलीकडे हाक मारली. तिकडून उत्तर आलं, "हो."

साठातून सतरा गेल्या, त्रेचाळीस. हातात एक्केचाळीस. दोन.

मी म्हटलं, "छान. दोनच आहेत, बाई. घरीच ठेवा, काळजी करू नका." बाईनं "हुश्श" केलं नाही, नुसतं "बरं" म्हटलं आणि मी सांगितलेलं सगळं लिहून घेतलं: पाणी पाजा, उलटी मुद्दाम काढू नका, एखादी उलटी होईल, शौचाला काळसर होईल, एकापेक्षा जास्त उलट्या झाल्या तर लगेच फोन करा. तिनं ते मला वाचून दाखवलं. मी दोन तासांनी परत फोन करीन म्हटलं.

केला. बाई म्हणाली, उलटी झाली, लालसर होती. आणि नंतर आणखी एकदा झाली, पण दुसऱ्या वेळी नुसतं पाणीच पडलं, ती धरायची का?

बघा, बाईनं मला विचारलं होतं. तिनं तिच्या वहीत लिहून ठेवलं होतं आणि ती मला विचारत होती, धरायची का. आमच्या पुस्तकात साफ लिहिलंय की दुसरी उलटी झाली की आकडा काहीही असो, मूल आणायचं. मी ते पुस्तक नव्यांना घोकून घेते. पण माझ्या डोक्यात 'दोन' बसलं होतं. दोन गोळ्यांनी कुणाचं काय होतं? वर नुसतं पाणी. मी म्हटलं, नका धरू. रजिस्टरमध्ये लिहिलं, उलटी एक.

सव्वापाचला पुन्हा फोन केला. मुलगी दुपारी झोपून उठली होती, बिस्किट मागत होती, आजीच्या मागे मागे फिरत होती. बाई म्हणाली, आम्ही तिला भिंगरीच म्हणतो, एका जागी ठरत नाही. मी हसले. नावाखाली लाल रेघ मारली, म्हणजे प्रकरण मिटलं, आणि घरी गेले. त्या संध्याकाळी मी काय केलं ते मला आठवत नाही, म्हणजे काही विशेष केलं नसणार, आणि याचंच मला सर्वांत वाईट वाटतं. ती सगळी संध्याकाळ हातात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. बाईचा आवाज नव्हता. तरुण, दबका, नळाखाली उभं राहून बोलल्यासारखा. मागे पाणी वाहत होतं. ती म्हणाली, "ताई, काल आईंनी, माझ्या सासूबाईंनी फोन केला होता ना, मी मुलीची आई. तिचे हातपाय गार पडलेत. श्वास भराभर घेतेय. हाक मारली तर डोळे उघडते आणि परत मिटते. दोन गोळ्यांनी असं होतं का?"

दोन गोळ्यांनी असं होत नाही. मी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला खुणेनं सांगितलं, रुग्णवाहिका, पत्ता रजिस्टरमध्ये आहे. तिकडे फोन लागला, गाडी निघाली, मग मी आईला विचारलं, "तुम्ही त्या गोळ्या रोज घेत होता?"

ती म्हणाली, "त्याचा हिच्याशी काय संबंध?"

मी तिला संबंध सांगितला. मोजून दोन वाक्यांत सांगितला, वेळ नव्हता. तुमच्या घेतलेल्या वजा केल्या म्हणून दोन उरल्या, तुम्ही घेतल्या नसतील तर त्या मुलीनं खाल्ल्या.

पाणी वाहत राहिलं. मग ती म्हणाली, "तीन घेतल्या. पहिले तीन दिवस. मग मळमळायला लागलं, घशाखाली उतरेनात. आई रोज सकाळी विचारायच्या, गोळी घेतलीस ना? मी हो म्हणायची. त्यांनी एवढ्या हौसेनं आणल्या होत्या. काल पण त्यांनी तसंच विचारलं, मी तसंच हो म्हटलं. मला वाटलं, पोरीची अशी अवस्था आणि यांना माझ्या गोळीचं पडलंय."

सत्तावन्नातून एक्केचाळीस गेल्या, सोळा. बारा किलोच्या पोरीच्या पोटात सोळा, आणि त्याला एकवीस तास झाले होते.

मी तिला सांगितलं, मुलीला कुशीवर वळवा, उबदार गुंडाळा, तोंडात काहीही घालू नका, बाटली बरोबर घ्या, दार उघडं ठेवा. ती सगळ्याला "हो" म्हणत होती. त्या "हो"चा आवाज मी ओळखला. काल मी तोच ऐकला होता, आतल्या खोलीतून आलेला, जरा थांबून आलेला. काल ते थांबणं मी ऐकलं होतं आणि मला वाटलं होतं, बिचारी घाबरली असेल.

गाडी आल्याचा आवाज आला. फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, "आईंना सांगू नका." मी म्हटलं, नाही सांगत.

वर इस्पितळात मी खरा आकडा कळवला. त्यांनी जे करता येतं ते केलं. पहिल्या तीन-चार तासांत ती तिथे असती तर बहुधा खेळत घरी गेली असती, हे मला तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं नाही, कारण मला ते माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगी गेली. डॉक्टरांनी मला फोन केला, वेळ सांगितली, आणि म्हणाले, घरच्यांना आम्ही एवढंच सांगितलंय की दोनपेक्षा जास्त होत्या. मी रजिस्टर उघडलं. लाल रेघ तिथेच होती. आमच्याकडे रेघ खोडायची पद्धत नाही, शेजारी नवीन नोंद करायची असते. मी केली.

त्यानंतर मी बिघडले. सगळ्यांनाच 'घेऊन या' सांगू लागले. खडू खाल्ला, घेऊन या. साबण चाटला, घेऊन या. एका बाईनं विचारलं, बाळानं माझं क्रीम बोटाला लावून चोखलंय, मी तिला अर्ध्या वाक्यात तोडून घेऊन या म्हटलं. वरचे डॉक्टर वैतागले, म्हणाले, ताई, तुम्हाला काय झालंय, मग तुमचा फोन हवाय कशाला, सरळ गेटावर पाटी लावू. बरोबरच होतं त्यांचं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. कुणी नीट, स्वच्छ, मोजून बोललं की मला त्याची भीती वाटायची.

तीन आठवड्यांनी बाईची तक्रार आली. चार पानं, हातानं लिहिलेली, अक्षर फळ्यावरचं, समास सोडलेला. शिवीगाळ नाही, आकांत नाही. किती वाजता फोन केला, मी काय विचारलं, तिनं काय सांगितलं, सगळं तारीखवार. शेवटी एवढंच, की मी गोळ्या दोनदा मोजल्या होत्या, माझं मोजणं चुकलेलं नाही, तेव्हा यांची वजाबाकी कुठे चुकली ते मला कळावं. नुकसानभरपाई नको, कुणाला काढून टाकायला नको. चूक दाखवून द्या.

गणिताच्या बाईला चूक कुठे आहे ते कळल्याशिवाय वही मिटता येत नव्हती. आणि चूक दाखवायची म्हणजे तिच्या घरात, तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या सुनेच्या तोंडात दाखवायची. पोटात दुसरं मूल असलेली ती पोरगी त्या घरातच राहणार होती. मी ठरवलं, चूक माझी म्हणून सांगायची. खोटं थोडंच होतं? दुसरी उलटी मी धरली नाही. ज्याचं औषध त्याच्याशी मी बोलले नाही. प्रश्न का विचारतेय ते मी सांगितलं नाही. एवढ्यात काम भागलं असतं.

चौकशी वरच्या मजल्यावर झाली, मोठ्या टेबलाच्या खोलीत. चौकशीचे साहेब सभ्य होते, सारखा चष्मा पुसत होते. बाई माझ्या कल्पनेपेक्षा लहानखुरी निघाली, मांडीवर वही. सून तिच्या शेजारी, पोट आता नजरेत भरत होतं. ती आत आल्यापासून माझ्याकडे एकदाच बघून खाली बघत बसली होती. मी बसल्या बसल्या बोलून टाकलं, की साहेब, वजाबाकी माझी चुकली, उलटीची नोंदही मी चुकीची केली, सगळं मला मान्य आहे, लिहून देते.

साहेबांनी विचारलं, काय चुकली? म्हणजे साठ वजा सतरा काय धरलंत?

एकोणीस वर्षं लोकांचं खोटं पकडलं, स्वतःचं एक धड रचता आलं नाही. साहेब म्हणाले, असू दे, फोनचं ध्वनिमुद्रण आहे ना, सगळ्या फोनांचं असतं, तेच ऐकू या, म्हणजे कुणाच्या आठवणीवर जायला नको. सुनेनं मान वर केली. मी म्हटलं, गरज नाही, मी कबूल करतेय. साहेबांनी चष्मा डोळ्यावर चढवला आणि यंत्र सुरू केलं.

माझा आवाज आला. मग बाईचा. वय, वजन, बाटली, सतरा दिवस. मोजणं झालं, एकदा, दोनदा. मग माझा प्रश्न: सूनबाई रोज एक घेतात ना, चुकवत नाहीत ना, एवढं त्यांना विचारा. आणि मग बाईची हाक, मोठ्यानं, रोजच्या सुरात:

"अगं, गोळी घेतेस ना रोज?"

जरा थांबून, लांबून: "हो."

"हो म्हणतेय," बाईनं मला सांगितलं. मी म्हटलं, छान.

साहेबांनी यंत्र बंद केलं. त्यांना काहीच कळलं नव्हतं, त्यांच्या लेखी सगळं सुरळीत चाललं होतं. बाईनं मान न वळवता सुनेला विचारलं, "किती घेतल्या होत्यास?"

"तीन."

बाईचे ओठ हलले. मला कळलं, ती वजाबाकी करतेय. क्षणभरच लागला तिला.

"माझ्यामुळे घेत नव्हतीस की माझ्यामुळे सांगितलं नाहीस?" ती म्हणाली. रागानं नाही, अडलेला प्रश्न विचारावा तशी. सून म्हणाली, "उलटी व्हायची, आई. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

कुणीच रडलं नाही. मला वाटलं होतं, आता बाई सुनेला बोलेल, निदान मला बोलेल. मला त्याची गरज होती. कुणीतरी आवाज चढवला असता तर त्या खोलीत धरायला काहीतरी झालं असतं. बाईनं वही मिटून पिशवीत ठेवली आणि साहेबांना म्हणाली, "पुन्हा लावता का?"

साहेबांना वाटलं, तिला तो प्रश्न नीट ऐकायचाय. त्यांनी पुढे-मागे करून तिची हाक शोधून काढली. बाई म्हणाली, "तिथे नाही. त्याच्या आधी. मी मोजतेय तिथे."

त्यांनी लावलं. बाईचा आवाज: एक, दोन, तीन, चार. आणि मग मला ऐकू आलं, जे मी फोनवर ऐकलं नव्हतं, कारण मी रकाने भरत होते, आणि मघाशीही ऐकलं नव्हतं, कारण मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत होते. बाईच्या आवाजामागे दुसरा आवाज होता. आजी मोजत होती आणि भिंगरी तिच्या मागोमाग मोजत होती. पाचपर्यंत तिला येत होतं. पुढे ती प्रत्येक आकड्याचं शेपूट तेवढं पकडायची, अकराचं 'रा', बाराचं 'रा', वीसचं 'ईस', आणि वर खुशीत हसायची. पंचविसानंतर तिनं आकडे सोडून दिले आणि नुसतं गाण्यासारखं "ईस, ईस, ईस" म्हणत राहिली. आजी न थांबता, न चुकता मोजत होती.

सोळा गोळ्या तेव्हा तिच्या पोटात होत्या. उलटीसुद्धा अजून सुरू झाली नव्हती. ते घर इस्पितळापासून पाऊण तासावर आहे. ती हसत होती आणि वेळ होता, भरपूर होता, आणि मी फोनच्या या टोकाला बसून आजीचं कौतुक करत होते.

एक्केचाळीस. बाईचा आवाज म्हणाला, थांबा, पुन्हा मोजते.

"ए, पुन्ना," भिंगरी म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढला होता आणि आता तो पुसत नव्हते. सून टेबलावर कपाळ टेकून बसली होती. बाईनं डावा हात तिच्या पाठीवर ठेवला, बहुधा नकळत, कारण ती बघत होती यंत्राकडे, आणि तिच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. दुसऱ्यांदा एक्केचाळीस झाल्यावर साहेबांचा हात बटणाकडे गेला.

बाई म्हणाली, "राहू द्या. अजून एकदा."

मी उठून जायला हवं होतं, ते माझ्यासाठी नव्हतं. त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून लावलं आणि आम्ही चौघं एकपासून ऐकत बसलो.